बीजेडी बाहुलीचे कपडे शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात ‘मी बाहुलीचे कपडे शिवते’ म्हटलं की समोरून हमखास येतं, ‘भातुकलीच्या का?’ नाही. ही बीजेडी, म्हणजे बॉल-जॉइंटेड डॉल: रेझिनची (साच्यात ओतलेल्या कडक प्लॅस्टिकची), सांध्यासांध्यांत वळणारी बाहुली, आणि तिच्या फ्रॉकची टीप लोक डोळे बारीक करून बघतात. खालची उत्तरं मुख्यतः २६ ते ३० सेंटिमीटर उंचीच्या बाहुलीसाठी आहेत. जिथे उंचीमुळे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

बॉल-जॉइंटेड डॉल म्हणजे नक्की कसली बाहुली?

हात, पाय, धड, डोकं सगळं वेगवेगळं ओतलेलं असतं. एका तुकड्याचं टोक गोल, दुसऱ्याला त्याची वाटी. आतून पोकळ अंगातून जाड इलॅस्टिक ओवलेलं असतं आणि त्याच्या ताणावर बाहुली उभी राहते, बसते, कोपर वाकवते. अंग बहुधा पॉलियुरेथेन रेझिनचं. डोळे काढता येतात, विग बदलता येतो, चेहरा हाताने रंगवलेला असतो. जर्मन कलावंत हान्स बेलमर याने १९३०च्या दशकात गोल सांध्यांची बाहुली केली होती, पण ती घरात ठेवून नटवावी अशी नव्हती. आज आपण जिला बीजेडी म्हणतो तो प्रकार जपानच्या फोक्स कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या सुपर डॉल्फीपासून पसरला. पुढे कोरियातल्या कंपन्यांनी लहान मापाच्या बाहुल्या लोकप्रिय केल्या.

मापं कोणकोणती असतात?

ढोबळमानाने चार. साधारण ६० सेंमीची ती १/३, चाळीस-पंचेचाळीसची १/४, सव्वीस ते तीसची १/६, आणि पंधरा-सोळा सेंमीची चिमुकली १/८. या अपूर्णांकांवर फार विसंबू नका. सोळा सेंमीची बाहुली आठपट केली तर १२८ सेंमी होते, म्हणजे ती बाई नसून शाळकरी पोर आहे. शिवाय उंची सारखी असली तरी दोन कंपन्यांच्या बाहुल्यांची छाती आणि कंबर वेगळी निघते. उंचीवरून कपडा शिवायचा नाही, आपली बाहुली मापायची.

घरात लहान मुलीच्या फ्रॉकचा कागदी पॅटर्न आहे. तोच झेरॉक्सवर लहान करून चालेल का?

नाही, आणि का नाही हे एकदा कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

झेरॉक्सवर कागद लहान होतो, कापड होत नाही. साधं पॉपलिन अंदाजे पाव मिलिमीटर जाड असतं. बाहुली आपल्या एकषष्ठांश, म्हणजे तिच्या अंगावर ते दीड मिलिमीटर जाडीचं भासतं. आपली जीन्सही इतकी जाड नसते. आता शिवणीपाशी चार थर एकावर एक आले की एक मिलिमीटर झाला. तिच्या हिशोबाने सहा. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, असा उंचवटा घेऊन कोण हात खाली सोडेल? म्हणून बाहुलीचे हात आखाड्यातल्या पहिलवानासारखे फाकलेले दिसतात आणि शिवणाऱ्याला वाटतं की छातीचं माप चुकलं. माप बरोबर असतं. थर जास्त झालेले असतात.

दुसरी गोष्ट वजनाची. आपला घागरा स्वतःच्या भाराने खाली पडतो. बाहुलीच्या वीतभर घेराला भारच नसतो, त्यामुळे तो छत्रीसारखा उघडा राहतो.

म्हणून लहान कपडा शिवताना काय जोडायचं यापेक्षा काय गाळायचं याचा विचार आधी करावा. गळ्याला वेगळी पट्टी नको, पूर्ण अस्तर द्या. अस्तर असलं की मुंढ्याला दुमड लागत नाही. बाजूचा खिसा नको. कॉलर हवीच असेल तर तिची खालची बाजू मलमलची करा. कमरेला वेगळा पट्टा जोडण्यापेक्षा वरून तीन मिलिमीटरची रिबीन टाका. माया, म्हणजे टीपेबाहेरचं जादा कापड, पाच मिमी धरून शिवा आणि शिवल्यावर कातरून तीनवर आणा. गोलाईत कट मारताना टीपेपासून मिलिमीटरभर लांब थांबा.

हे कुणी सांगितलं नाही तर माणसं वर्षानुवर्षं जाड फ्रॉक शिवत बसतात आणि दोष मशीनला देतात.

मग कापड कुठलं घ्यावं?

मलमल, वॉइल, लॉन, कँब्रिक. ही नावं दुकानात नीट कळली नाहीत तरी हरकत नाही. सरळ मॅचिंगच्या दुकानात जाऊन ब्लाउजचं सुती अस्तर मागा. पातळ, सुती, स्वस्त आणि शेकड्याने रंग. टू बाय टू रुबिया मिळाला तर अजून चांगलं. त्याची वीण घट्ट असल्याने दशा कमी निघतात आणि इस्त्रीची घडी टिकते.

सॅटिन, टिशू, नेट, ब्रोकेड हे नवशिक्याच्या हातातलं काम नव्हे. सुंदर दिसतात, म्हणूनच सगळे त्यांच्यापासून सुरुवात करतात आणि दुसऱ्याच दिवशी छंद सोडतात.

प्रिंट घेताना एक युक्ती: हाताची मूठ कापडावर ठेवा. मुठीखाली निदान सात-आठ फुलं झाकली गेली पाहिजेत. एकच फूल झाकलं गेलं तर तो पडद्याचा कपडा समजा. चौकडा असेल तर चौकट तीन मिलिमीटरच्या आतली.

कोल्हापुरात हे कुठे मिळतं? पाव मीटर कोणी देतं का?

महाद्वार रोड आणि आसपासच्या गल्ल्यांतली मॅचिंगची दुकानं सगळ्यात सोयीची. पाव मीटर मागितलं की काही ठिकाणी कपाळावर आठी येते. अर्धा मीटर घ्या, अस्तराचा भाव तो काय असतो. राजारामपुरीतही मिळेल. गांधीनगरला कपड्याचा ठोक बाजार आहे. तिथे भाव चांगला, पण एका फ्रॉकसाठी जाणं वेड्यासारखं. चार-पाच जणी मिळून जात असाल तर जा. इचलकरंजीत कुणी ओळखीचं यंत्रमागावर असेल तर कटपीस मागून बघा, आपल्या जिल्ह्यात बसून सुती कापडाची टंचाई मानायचं कारण नाही. मात्र मागावरून थेट आलेल्या कोऱ्या कापडात कांजी भरलेली असते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून धुतल्याशिवाय त्याला कात्री लावू नका. धुतल्यावर तेच कापड निम्मं मऊ होतं.

आणि बाजारात जायच्या आधी घरचं कपाट उघडा. ओटीत आलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात गठ्ठ्याने पडलेले असतात. त्यातले बरेचसे पॉलिस्टरमिश्रित निघतात, पण चार-पाच तरी खरे सुती सापडतात. एका ब्लाउजपीसमध्ये या मापाचे तीन फ्रॉक आरामात बसतात. जुना धुवून धुवून विरलेला सुती रुमाल तर सोनंच.

खणाचं कापड चालेल का?

चालेल, आणि छान दिसेल, कारण खणाची बुट्टी मुळातच बारीक असते. ती बाहुलीच्या अंगावर अगदी मापात बसते. पैठणीचा मोर तसा बसत नाही. काठही अरुंद. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणला जाणारा हातमागाचा खण हातात आला तर फरक कळतो.

अडचणी तीन. एक, खणाच्या उलट्या बाजूला धागे मोकळे सुटलेले असतात, कापलं की किनार लगेच विस्कटते. दोन, तो जाड असतो. म्हणून पूर्ण फ्रॉक खणाचा करू नका. वरची चोळी खणाची, परकर मलमलचा. किंवा साध्या फ्रॉकला खालून खणाचा काठ. चोळीला बाही नको असं मी म्हणेन. मुंढ्यात खणाचे चार थर कुणालाच आवरत नाहीत. तिसरी अडचण रंगाची, ती पुढच्या उत्तरात.

गडद कपड्याचा रंग बाहुलीच्या अंगाला लागतो म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. रेझिन रंग पिऊन घेतं. लाल, काळा, जांभळा, गडद निळा आणि गर्द हिरवा हे पाच जण मुख्य आरोपी. कापड ओलं असायलाही लागत नाही. दमट हवेत आठवडाभर अंगावर राहिलं तरी काखेत आणि कमरेला गुलाबी झाक येते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे टॉवेल वाळत नाही, तिथे बाहुलीला काळा फ्रॉक घालून काचेच्या कपाटात बसवणं म्हणजे डाग मागून घेणं.

कापड कापायच्या आधी साबणाच्या पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग चाचणी करा: पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून रंगीत कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर काहीही आलं तर परत धुवा. तीन धुण्यांनंतरही येत असेल तर ते कापड उशीच्या अभ्र्याला वापरा. चाचणीत पास झालं तरी गडद कपड्याला पांढरं किंवा फिकट अस्तर लावा, किंवा आत अंगालगत पांढरी बनियन घाला. आणि घालून फोटो झाले की उतरवा. गडद कपड्यात बाहुली झोपवायची नाही.

रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवलं तर?

आज्जी सांगायची, आई सांगते, दुकानदारही सांगतो. पण रंगवून आलेल्या कापडावर मिठाचा किंवा व्हिनेगरचा उपयोग होत नाही. मीठ रंगाच्या हौदात, रंगवताना कामाचं असतं. नंतर उपयोगी पडतं ते फक्त भरपूर धुणं, म्हणजे न चिकटलेला जादा रंग निघून जातो.

डाग पडलाच तर?

मेलामाइन स्पंज (भिंतीवरचे डाग घासायचा पांढरा स्पंज) पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळा. लक्षात घ्या, तो पुसत नाही, रेझिनचा अगदी बारीक थर घासून काढतो. म्हणून रंगवलेल्या चेहऱ्याजवळ तो नेऊ नका. नेलपॉलिश रिमूव्हर तर बाहुलीच्या खोलीतही नको. त्यातल्या अ‍ॅसिटोनने चेहऱ्याचा रंग क्षणात जातो आणि रेझिनही खराब होतं.

माझ्याकडे सासूबाईंची पायमशीन आहे. नवीन मशीन घ्यावी लागेल का?

अजिबात नाही. उलट तुमची मशीन बऱ्याच नव्या मशीनपेक्षा या कामाला बरी. सरळ टीपेच्या जुन्या मशीनला सुईखालच्या पट्टीत बारीक गोल छिद्र असतं, त्यामुळे चिमुकलं कापड आत ओढलं जात नाही. झिगझॅगवाल्या मशीनला तिथे लांबट फट असते आणि ती बाही गिळते. शिवाय पायाने एकेक टाका मोजून घालता येतो.

टाका दीड मिलिमीटरवर आणा. सुरुवात थेट कपड्यावर करू नका. आधी एका चिंधीवर दोन-चार टाके घालून तिथूनच कपड्यावर सरका. कापड फारच पातळ असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र ठेवू नका, शाई लागते.

मशीन नसेल तरी बिघडत नाही. इतक्या छोट्या कपड्यात एकूण शिवण मीटर-दीड मीटरची. हाताने बारीक उलटी टीप घाला. ती मशीनइतकी मजबूत असते आणि मुंढ्याच्या गोलाईत मशीनपेक्षा नीट बसते. बाही मशीनवर लावावी असं मी कुणाला सुचवणार नाही.

सुई-दोरा कुठल्या नंबरचा?

मशीनला ९ किंवा ११ नंबरची सुई. दुकानदार सवयीने १४ किंवा १६ देतो, ती परत करा. मलमलला तिने भोकं पडतात. हातशिलाईची सुई १० नंबरची किंवा त्याहून पुढची. गोंधळ होतो तो इथेच: मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, हाताच्या सुईचा नंबर वाढला की बारीक. दोरा साधा पॉलिस्टरचा, मिळेल तितका बारीक. दोरा कापडाच्या रंगाचा नसेल तर एक छटा गडद घ्या, फिकट दोरा उठून दिसतो.

पॅटर्न स्वतः कसा काढायचा?

बाहुलीचा विग काढून ठेवा. धडाला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म दोन वेढे गुंडाळा, खांद्यांवरूनही घ्या. वर मास्किंग टेपचे छोटे-छोटे तुकडे चिकटवा. एकच लांब पट्टी गुंडाळली तर अंग आवळलं जातं आणि माप चुकतं. आता त्यावर पेनाने रेषा काढा: पुढची मधली, मागची मधली, खांदा, बाजू, कंबर, मुंढा, गळा. मागच्या मधल्या रेषेवर बोथट टोकाच्या कात्रीने कापून कवच सोडवा. कात्रीचं टोक बाहुलीकडे नको.

मग कवच रेषांवर कापून तुकडे सपाट करा. छातीशी तुकडा सपाट बसत नसेल तर तिथे एक चीर द्या. चीर उघडून जी फट दिसेल तोच तुमचा टक्स, म्हणजे फुगवटा बसवायला घ्यायची टोकदार चुणी. लहान मुलीच्या अंगाच्या बाहुल्यांना बहुधा टक्स लागतच नाही.

हे कवच कातडीसारखं घट्ट असतं, त्यामुळे सैलपणा आपण द्यायचा. पुढचे दोन भाग, मागचे दोन. प्रत्येकाच्या बाजूच्या रेषेला अडीच मिमी वाढवा, म्हणजे छातीत एकूण एक सेंटिमीटर. त्याबाहेर पाच मिमी माया. मागच्या उघडीला एका बाजूने एक सेंटिमीटर जादा, बटणपट्टीसाठी.

पहिली चोळी कधीही चांगल्या कापडाची कापू नका. जुन्या पांढऱ्या अस्तराची शिवा, बाहुलीला घालून तिच्यावरच पेनाने खुणा करा आणि उसवून तोच पॅटर्न म्हणून वापरा.

खुणा करायला काय वापरू?

फिकट कापडावर टोकदार पेन्सिल, गडद कापडावर साबणाची चिप. इस्त्रीने उडणारं पेन मिळतं तेही चांगलं. त्याच्या खुणा उणे १० अंशांखाली परत दिसू लागतात, पण तेवढी थंडी कोल्हापूरला पडेपर्यंत आपण निश्चिंत.

दशा निघतात, त्यांचं काय करायचं? इंटरलॉक मारू का?

इंटरलॉक नको, दोऱ्याचा जाड गठ्ठा होतो. अस्तर लावलेल्या भागाच्या किनारी आतच बंद होतात, तिथे काही करायची गरज नाही. उघड्या किनारीला कापडाचा पातळ गोंद काडीने लावा, कापण्यापूर्वी. हो, आधी रेषेवर गोंद, तो वाळल्यावर कात्री. पारदर्शक नेलपॉलिश बरेच जण लावतात. ते कडक होतं, कधी कधी तेलकट डाग सोडतं. वाळलं नसताना बाहुलीच्या अंगाला तर अजिबात लागू देऊ नका.

उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या कापलेल्या कापडाच्या किनारीला दशा जवळपास निघतच नाहीत. गळ्याला गोट द्यायचाच असेल तर तो उरेब पट्टीचाच, बारा मिमी रुंद कापलेला.

कपडा डोक्यातून घालायचा की पायातून?

दोन्हींतून नाही. बीजेडीचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. कपडा मागून पूर्ण उघडा ठेवा, निदान कमरेखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि हातांतून पुढून चढवा. घालताना चेहऱ्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओढून ठेवली की रंगवलेल्या पापण्यांना आणि ओठांना कापड घासत नाही.

बंद करायला टिचबटण, हूक की वेलक्रो?

पाच मिलिमीटरचं टिचबटण. वेलक्रो सोपं वाटतं, पण ते विगचे केस ओढतं, मलमलचे धागे ओढतं आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फ्रॉकलाही सोडत नाही. लावायचंच तर सगळ्यात पातळ, आणि त्याची खरखरीत बाजू अंगापासून बाहेर वळवून. हूक लावला तर त्याखाली कापडाची जीभ ठेवा, नाहीतर धातू रेझिनला ओरखडा काढतो. समोरून दिसणाऱ्या बटणांना काजं करायच्या फंदात पडू नका. चार मिमीची मणीबटणं नुसती शोभेला टाका, मागे टिचबटण.

बाही चढतच नाही. पंजा अडकतो.

पंजावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मग बाही सरकते. पंजा आतल्या हुकाने अडकवलेला असेल तर काढूनही घेता येतो. पण मुळात बाही शिवतानाच विचार करा. मनगटाच्या मापाने बाही काढायची नाही, पंज्याच्या सगळ्यात रुंद मापाने काढायची. मनगटाशी घट्ट दिसायला हवी असेल तर आतून इलॅस्टिक दोरा ओढा.

आणि बाजूची टीप घालण्याआधी बाही सपाटच लावा: चोळीचा मुंढा उघडा ठेवून त्यात बाही जोडा, मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच सलग टीप. नळीसारखी बंद बाही मुंढ्यात बसवायची रीत मोठ्यांच्या कपड्याला ठीक. बाहीच्या टोकाची दुमडही सपाट असतानाच घाला.

बाही शिवून झाली की बाहुलीचं कोपर पूर्ण वाकवून बघा. कोपराचा गोळा वाकल्यावर बाहेर येतो आणि तिथे घेर वाढतो. ताठ हाताच्या मापाची बाही इथे अडते.

घेर किती ठेवू?

चुण्यांचा परकर असेल तर मलमलला कमरेच्या दुप्पट ते अडीचपट, रुबियाला दीड ते दुप्पट. आपल्याकडच्या सवयीने तिप्पट घेर घातला तर कमरेत चेंडू होतो. चुण्यांसाठी धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला, तीन मिमीच्या अंतराने, आणि दोन्ही दोरे एकदम ओढा.

गोल घेर जास्त चांगला, कारण कमरेत चुणीच नसते. कमरेचं माप भागिले ६.२८ म्हणजे पूर्ण गोलाची त्रिज्या. अर्ध्या गोलासाठी भागिले ३.१४. कंबर १४ सेंमी असेल तर पूर्ण गोलाला २.२ सेंमी, अर्ध्याला सुमारे ४.५. ही त्रिज्या टीपेची; कापायचं चार मिलिमीटर आत, म्हणजे १.८ वर. हे विसरलं की कंबर मोठी होते.

परकर छत्रीसारखा उभा राहत असेल तर तो ओला करून चुण्या हाताने लावा, वरून कापडाची पट्टी गुंडाळा आणि पूर्ण वाळू द्या. प्लेट हव्या असतील तर केस सरळ करायचं स्ट्रेटनर वापरून बघा, इस्त्रीपेक्षा बारीक घडी बसते. बाहीला इस्त्री करताना ती पेन्सिलीवर ओढून घ्यायची.

नऊवारी नेसवता येईल का?

येईल, हिशोब करून. नऊवार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, एकषष्ठांश केलं की १.३७ मीटर, रुंदी अठरा ते वीस सेंटिमीटर. काठ मोठ्या साडीला दहा सेंमी असेल तर बाहुलीला दीड-पावणेदोन. कागदावर सुरेख. पण एवढं कापड कमरेत खोचलं की पोट पुढे येतं, आणि काष्टा दोन पायांमधून नेला की जांघेतले गोळे मिटत नाहीत. बाहुली फेंगडी उभी राहते, मग पडते.

म्हणून लांबी एक मीटरवर आणा आणि नेसवायची असेल तर जुन्या मऊ ओढणीतून पट्टी काढा. त्याहून बरं, शिवून टाका: आत मलमलची सैल विजार, तिच्यावर पुढे निऱ्या आणि मागे काष्टा टाचलेला, पदर वेगळा, खांद्यावर टिचबटणाने. पायांमध्ये एकच थर राहतो. सहावारी असेल तर हिशोब ९२ सेंमीचा, आणि ती नेसवलेलीच चांगली दिसते. खऱ्या इरकलीचा किंवा पैठणीचा काठ कापून लावायचा मोह होतो. तो दहा सेंमीचा काठ बाहुलीच्या गुडघ्याच्याही वर जातो. बारीक जरीची लेस आणा.

लेस, गोटा, दागिने?

देवाच्या पोशाखाची दुकानं गाठा. बाळकृष्णाच्या आणि गौरीच्या सामानात पाच-सात मिमी रुंदीच्या लेस, बारीक मणी, चिमुकल्या माळा असतात. शिवणसामानाच्या दुकानात लेस बहुधा रुंदच निघते. अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या गल्ल्यांत तासभर फिरलात तर वर्षाची तजवीज होते. स्वस्त धातूचा दागिना थेट रेझिनवर नको, कापडावर टाचा.

चप्पल लाइनीत किल्लीच्या छल्ल्याला लावायची कोल्हापुरी मिळते. पावलाची लांबी कागदावर काढून सोबत न्या. बसली तर बाहुलीची मिरवणूक काढावी इतकी छान दिसते, पण आत पातळ मोजा घाला, कातड्याचा रंगही उतरतो.

मी बाळकृष्णाचे पोशाख शिवते. हे जमेल ना?

हात बसलेला आहे, जमेल. फक्त सवय बदलावी लागेल. मूर्ती हलत नाही, तिचा पोशाख पुढून बघितला जातो आणि मागे नाडीने बांधला तरी चालतो. म्हणून त्यात पुठ्ठा, गोंद, जाड गोटा सगळं खपतं. ही बाहुली बसते, वळते, पाठमोरी फोटो काढून घेते. तुमची मागची बाजू पुढच्याइतकी स्वच्छ हवी.

शेजारच्या शिंप्याकडून शिवून घेऊ का?

बहुतेक शिंपी नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्याकडून चिंध्या मात्र जरूर मागा.

मुलीला खेळायला द्यावी का?

कपडे द्या, रेझिनची बाहुली नको. ती पडली की बोटं तुटतात, आणि बारीक बटणं, मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागणं धोक्याचं. मुलीसाठी तेच कपडे साध्या प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या मापाने शिवा. ती खुश होईल आणि रेझिनही वाचेल.

पावसाळ्यात कपडे आणि बाहुली कशी ठेवायची?

कपडे धुवून, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून. प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी. कांजी केलेला कपडा साठवू नका, बुरशी आणि किडे दोन्ही तिच्यावर येतात. डांबरगोळ्या बाहुलीजवळ नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. बाहुली उन्हापासून दूर. अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडतं आणि ते परत पांढरं होत नाही. खिडकीशेजारचं शोकेस दिसायला छान, जागा वाईट.

मैत्रिणीची बाहुली पुण्यात आहे. ती न बघता तिचा फ्रॉक शिवता येईल का?

येईल, मापं नीट मागवली तर. टेप नको म्हणा; दोरा गुंडाळून तो मोजपट्टीवर ठेवायला सांगा, मिलिमीटरमध्ये. छाती, कंबर, नितंब, मान, खांदा ते खांदा, मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत पुढून आणि मागून, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, दंड, वाकवलेलं कोपर, पंज्याची सगळ्यात रुंद जागा, खांद्यापासून मनगटापर्यंत. कंपनीचं आणि अंगाच्या प्रकाराचं नाव विचारा, कारण एकाच कंपनीत मुलाचं आणि मुलीचं अंग वेगळं असतं. पट्टी शेजारी ठेवून पुढून आणि बाजूने फोटो मागवा. आणि पहिला फ्रॉक पाठवण्याआधी अस्तराची चोळी साध्या पाकिटातून पाठवा. तिने घालून, टाचण्या लावून परत पाठवली की मग खरं कापड काढा.